आधीं बोल, मग अक्षर

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या पालकसभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीचें वर्ष म्हणजे हिशेबाचें वर्ष. गेल्या पंधरवड्यांत आपण देवळाच्या छपराचा, घंटेचा, वाचनालयाचा व पतपेढीचा हिशेब ऐकला. आज ज्या धनाविषयीं बोलावयास मी उभा आहें, तें कोणत्याहि वहींत लिहिलेलें नाहीं. तें धन म्हणजे आपल्या बालवाडींत येणाऱ्या तीन ते सहा वर्षांच्या मुलांची भाषा.

हा विषय मी हौसेनें निवडलेला नाहीं. येत्या जूनपासून बालवाडींत केवळ इंग्रजीच बोलली जावी, आणि पहिल्याच वर्षीं मुलांना पाटीवर अक्षरें गिरवावयास बसवावें, अशा आशयाचा अर्ज कांहीं पालकांनीं समितीकडे दिला आहे. अर्ज करणारांचा हेतु शुद्ध आहे, हें मी प्रथमच सांगून टाकतों. पहांटेची गाडी धरून मुंबईस जाणारा बाप रात्रीं परत येतो तो मुलाच्या भवितव्याची चिंता उराशीं बाळगून. आपल्याला इंग्रजी न आल्यामुळें जें सोसावें लागलें तें मुलाच्या वाट्यास येऊं नये, असें त्याला वाटलें तर त्यांत गैर तें काय? परंतु हेतु चांगला असला म्हणजे मार्गहि बरोबर असतोच असें नाहीं. म्हणून मुलाला भाषा कशी येते व अक्षर कसें येतें, याचा आज आपण शांतपणें विचार करूं.

प्रथम हें पाहूं कीं, मूल शाळेच्या उंबरठ्यावर येतें तेव्हां त्याच्याजवळ काय असतें. तीन वर्षांचें मूल "बैल आला, गाडी आली, पाणी आलं" असें बिनचूक बोलतें. नामाचें लिंग बदललें म्हणजे क्रियापदाचें रूप बदलतें, हा नियम त्याला कोणी पढविला? कोणीहि नाहीं. आईच्या कडेवर, विहिरीच्या कांठीं, आजीच्या पाटाजवळ बसून त्यानें तो आपण होऊन उचलला. परदेशांतून आलेल्या विद्वान् मिशनऱ्यांना जें व्याकरण आत्मसात् करावयास वर्षेंच्या वर्षें लागलीं, तें आपल्या अंगणांतील बालक खेळतां खेळतां मिळवितें. एवढी मोठी संपत्ति घेऊन तें आपल्या दाराशीं येतें. आणि आपण त्याला काय सांगतों? चपला काढतोस तशी ही भाषाहि बाहेर काढून ठेव, व मग आंत ये!

आपल्या वसईच्या भूमींत ही गोष्ट विशेष लक्षांत घेतली पाहिजे. येथें एका घरांत सामवेदी, दुसऱ्यांत वाडवळी, तिसऱ्यांत कोळी बोली चालते. पूर्वेच्या डोंगराकडून वारली कुटुंबें कामासाठीं येतात. नव्या इमारतींतून हिंदी व गुजराती बोलणारीं मुलें येतात. बालवाडींत मात्र पुस्तकी मराठी बोलली जाते. जें अंतर आपणां प्रौढांना क्षुल्लक वाटतें, तें चार वर्षांच्या मुलाला दुस्तर ओढ्यासारखें वाटतें.

याचें एक उदाहरण मी डोळ्यांनीं पाहिलें आहे. बालवाडींत एक मुलगा जूनपासून पावसाळा संपेपर्यंत एक शब्द बोलला नाहीं. त्याला कोणी मुका म्हणे, कोणी मंद म्हणे. एके दिवशीं मुलांना जवळच्या केळीच्या वाडींत नेलें. तेथें या मुलाला एकाएकीं कंठ फुटला. मुनवे कोठून काढावयाचे, लोंगर केव्हां उतरावयाचा, बावखलाचें पाणी कोणत्या पाटानें येतें, हें सर्व त्यानें आपल्या घरच्या बोलींत इतरांना समजावून सांगितलें. तो मुका नव्हता. मंद तर नव्हताच. त्याला त्याच्या भाषेंत कोणी कांहीं विचारलें नव्हतें, इतकेंच. शिक्षिकेनें दुसऱ्या दिवसापासून एक वही घातली. मूल जो घरचा शब्द बोले तो ती वहींत टिपून घेई, त्या शब्दानेंच त्याला उत्तर देई, आणि त्याच्या शेजारीं हळूच पुस्तकी शब्द ठेवी. नाताळपर्यंत तो मुलगा दोन्ही शब्द वापरूं लागला. यांतून घेण्याजोगा नियम साधा आहे. घरचा शब्द हा चुकलेला शब्द नव्हे. एक शब्द काढून दुसरा बसवावयाचा नसतो. एकाचे दोन करावयाचे असतात.

मात्र येथें एक सावधगिरी सांगतों. जें मूल घरींहि, आपल्या आईशींहि बोलत नाहीं, किंवा पाठीमागून हांक मारली असतां वळून पाहत नाहीं, त्याला दोष न देतां प्रथम वैद्याकडे नेऊन त्याचे कान तपासून घ्यावे. कानांतील दोष लवकर उमगला तर पुष्कळ कांहीं करतां येतें.

लोकांची बोली आधीं व आपली शिकवण मागाहून, ही रीत आपल्याला नवी नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं गोमंतकांत छापून प्रसिद्ध झालें. इंग्लंडांत जन्मलेल्या या जेझुइट धर्मगुरूनें आपली भाषा लोकांवर लादली नाहीं. लोकांच्या कानांत जो ओवी छंद पिढ्यान् पिढ्या घुमत होता, तोच त्यानें शिकून घेतला व त्यांतच आपलें म्हणणें मांडलें. ऐकणाराच्या कानांत जें आधींच वसलेलें आहे त्यावर नवें उभारावें, हें मर्म त्याला चारशें वर्षांपूर्वीं कळलें होतें.

बालशिक्षणांत हेंच मर्म मारिया माँटेसोरी या इटालियन विदुषीनें ओळखलें. ६ जानेवारी १९०७ रोजीं रोम शहरांतील सान लोरेंझो या गरीब कामकऱ्यांच्या वस्तींत त्यांनीं आपलें पहिलें बालगृह उघडलें. त्यांनीं खरखरीत कागदाचीं अक्षरें कापून फळ्यांवर चिकटविलीं. मुलानें बोटानें अक्षराचा आकार चांचपावा व त्याच वेळीं त्याचा ध्वनि उच्चारावा, अशी त्यांची योजना होती. पुष्कळजण एवढेंच लक्षांत ठेवतात. पण त्याआधीं ओतणें, घडी घालणें, गुंड्या लावणें, ठोकळे उचलणें, अशा कामांनीं मुलाचा हात महिनोन् महिने तयार होत असे, हें ते विसरतात. माँटेसोरीबाई १९३९ सालीं भारतांत आल्या, आणि दुसऱ्या महायुद्धाचीं वर्षें येथेंच राहून त्यांनीं शेंकडों शिक्षकांना आपल्या पद्धतीचें शिक्षण दिलें.

त्यांच्याहि पूर्वीं गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगर येथें बालमंदिर चालू केलें होतें. ताराबाई मोडक तेथें त्यांच्या सहकारी झाल्या, व १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ निघाला. शहरांतील बालमंदिर गोरगरिबांच्या उपयोगीं पडत नाहीं हें पाहून ताराबाईंनीं १९४५ सालीं आपल्याच जिल्ह्यांतील बोर्डी गांवीं काम मांडलें. अनुताई वाघ तेथेंच त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढें तें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. मुलें शाळेंत येत नाहींत असें दिसतांच या दोघींनीं शाळाच मुलांच्या अंगणांत नेली. अंगणवाडी हा शब्द तेथला. शंख, शिंपले, बिया, पानें हींच त्यांचीं साधनें. १९७५ सालीं सरकारनें बालविकासाची देशव्यापी योजना आंखली, तेव्हां अंगणवाडी हें नांव गांवोगांवीं पोंचलें. एवढा मोठा दिवा आपल्या शेजारीं लागला असतां आपण अंधारांत चांचपडावें, हें बरें नव्हे.

आतां वर्गांत प्रत्यक्ष काय करावें, तें सांगतों. याच्या चार पायऱ्या आहेत, आणि एक गाळून दुसरीवर उडी मारतां येत नाहीं.

पहिली पायरी संभाषणाची. वर्गांत शिक्षिकाच बोलत असेल व मुलें केवळ "होय बाई" म्हणत असतील, तर ती भाषेची शाळा नव्हे. मूल म्हणतें, "पाणी!" शिक्षिकेनें म्हणावें, "होय, पावसाचं पाणी पायरीपर्यंत आलं. आतां तें कुठं जाईल?" मुलाचा एक शब्द घेऊन त्याचें वाक्य करून परत द्यावें, आणि पुढें असा प्रश्न ठेवावा कीं ज्याचें उत्तर होय-नाहींत संपत नाहीं. प्रश्न विचारल्यावर थांबावें. आपण मोठीं माणसें उतावळीं असतों. मूल शब्द शोधीत असतें तोंच आपण उत्तर देऊन मोकळे होतों. मनांत पांच अंक मोजावे, मग बोलावें. मूल "मी जाल्ला होता" असें चुकून म्हणालें तर त्याला सर्वांदेखत टोकूं नये, "हो कां, तूं गेला होतास?" असें सहज म्हणावें. बरोबर रूप त्याच्या कानीं पडतें व मानहि राहतो.

दुसरी पायरी गोष्टीची. रोज एक गोष्ट तोंडानें सांगावी, व रोज एक पुस्तक मुलांना जवळ घेऊन वाचून दाखवावें. बोलण्याची भाषा व पुस्तकाची भाषा यांत अंतर असतें. "एका अरण्यांत एक सिंह राहत असे" असें घरांत कोणी बोलत नाहीं. ही दुसरी भाषा कानांवरून गेली नसेल, तर पुढें मूल अक्षरें जुळवील, पण अर्थ त्याला लागणार नाहीं. वाचतांना शब्दांखालून बोट फिरवावें. त्यामुळें मुलाला कळतें कीं गोष्ट चित्रांत नसून या काळ्या चिन्हांत सांठविलेली आहे, व तीं डावीकडून उजवीकडे चालतात. तेंच पुस्तक मुलानें दहा वेळां मागितलें तर दहा वेळां वाचावें. पुनरावृत्तीनें आपण कंटाळतों, मूल कंटाळत नाहीं.

तिसरी पायरी ध्वनीची, आणि हिच्याकडेच आपलें सर्वांत दुर्लक्ष होतें. लिहिणें म्हणजे बोलण्याचे तुकडे पाडून प्रत्येकाला खूण देणें. बोलण्याचे तुकडे पडतात हेंच ज्याला ठाऊक नाहीं, त्याला ती खूण कशी कळणार? म्हणून आधीं पाटीवांचून खेळ खेळावे. "कोळंबी" म्हणतांना तीन टाळ्या, "आजी" म्हणतांना दोन. "माझ्या मनांत म नें सुरू होणारी वस्तु आहे, ओळखा." यमक जुळवावीं, कोडीं घालावीं, अंताक्षरी खेळावी. आपल्या आज्यांच्या जात्यावरच्या ओव्या व लग्नाच्या गाण्यांतील यमकें हींच या पायरीचीं उत्तम पाठ्यपुस्तकें होत, व त्यांना मोल पडत नाहीं.

चौथी पायरी अक्षराची. येथें दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. पहिली हातासंबंधीं. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाचीं हाडें अद्याप पुरतीं घडलेलीं नसतात. त्याच्या हातीं पेन्सिल देऊन एकेक अक्षर पन्नास वेळां गिरवून घेणें म्हणजे वासराच्या मानेवर जूं ठेवणें होय. माती मळूं द्या, वाळूंत बोटानें रेघा ओढूं द्या, मोठ्या कागदावर खडूनें रंगवूं द्या. तें जें गिरगटतें व "मी चिठ्ठी लिहिली" म्हणतें, तेथेंच लेखनाचा आरंभ झालेला असतो.

दुसरी गोष्ट क्रमासंबंधीं. अ, आ, इ, ई पासून ज्ञ पर्यंतची माळ पाठ झाली म्हणजे वाचतां आलें, असें नाहीं. त्या माळेंत ङ व ञ आहेत. या अक्षरांनीं सुरू होणारा एकहि शब्द मुलाच्या बोलण्यांत नाहीं. ण व ळ यांनीं शब्द सुरू होत नाहींत. ते "पाणी" व "केळें" यांच्या पोटांतूनच शोधावे लागतात. च एकच, पण "चार" मध्यें एक ध्वनि व "चाक" मध्यें दुसरा. "दिवा" लिहितांना वेलांटी द च्या आधीं काढावयाची, पण उच्चारावयाची मागाहून. ह्या अडचणी खऱ्या आहेत व त्या मुलाच्या आळसांतून येत नाहींत. म्हणूनच जुन्या जाणत्या शिक्षकांनीं ग, म, भ, न हा क्रम घेतला. या चार अक्षरांचे आकार एकमेकांना जवळचे; आणि चारच अक्षरांत "मन", "नभ", "मग" असे शब्द होतात. त्यांना एक काना मिळाला कीं "मामा", "नाना", "नाग" वाचतां येतात. पहिल्याच महिन्यांत मुलाला खरा शब्द वाचल्याचा आनंद मिळतो, व त्या आनंदावर पुढची सर्व वाट चालते.

याहून जवळचें अक्षर म्हणजे मुलाचें स्वतःचें नांव. प्रत्येकाच्या नांवाची पाटी दाराशीं ठेवावी, व आल्याबरोबर मुलानें ती शोधून खुंटीस अडकवावी. हजेरीहि होते व वाचनहि. सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर या शिक्षिकेनें न्यूझीलंडांतील माओरी मुलांना प्रत्येकाच्या मनांतला शब्द विचारून, तोच कागदावर लिहून हातीं दिला. "आई" व "भूत" असे ते शब्द असत. म्हणजे प्रेमाचे व भीतीचे. पुस्तकांतले परके शब्द ज्यांच्या डोक्यांत शिरत नव्हते, तींच मुलें हे शब्द एका दृष्टींत ओळखीत. त्यांचा "टीचर" हा ग्रंथ १९६३ सालीं निघाला. आपल्या मुलांचे शब्द कदाचित् "होडी", "बोंबील", "बावखल" असे निघतील. तेहि अक्षरांचा आरंभ करावयास तितकेच योग्य आहेत.

आतां इंग्रजीकडे वळूं. इंग्रजी नको, असें म्हणणारा मी नव्हे. ती आलीच पाहिजे. प्रश्न आहे तो अनुक्रमाचा. वाचावयास माणूस खरोखर एकदांच शिकतो. लिहिलेलें म्हणजे बोललेलेंच, बोलण्याचे ध्वनि वेगळे करतां येतात, प्रत्येक ध्वनीला खूण असते, हें ज्ञान एका भाषेंत पक्कें झालें कीं तें दुसरींत आपोआप उतरतें. आणि हें ज्ञान समजत्या भाषेंत मिळविणें सोपें कीं न समजत्या? शिवाय देवनागरींत अक्षर व उच्चार यांची जवळजवळ गांठ बांधलेली आहे. इंग्रजींत एकाच अक्षराचे अनेक उच्चार होतात. सोपा घाट सोडून मुलाला प्रथमच उभ्या कड्यावर कां चढवावें? युनेस्को या जागतिक संस्थेनें १९५३ सालींच असा निर्वाळा दिला कीं, शिक्षणाचें उत्तम माध्यम मातृभाषा होय. भारत सरकारच्या २०२० सालच्या शैक्षणिक धोरणानेंहि तीन ते आठ हीं वर्षें पायाचीं मानलीं आहेत, व शक्य तेथें निदान पांचवीपर्यंत घरची भाषा माध्यम असावी असें म्हटलें आहे.

ज्या घरांत आईबापांना इंग्रजी सहज बोलतां येत नाहीं, तेथें मुलाशीं मोडकें-तोडकें इंग्रजी बोलण्याचा हट्ट धरल्यानें आणखी एक हानि होते. "कम, ईट, सिट, डोन्ट" एवढ्यावर घरचें संभाषण येऊन ठेपतें. आई जें आपल्या बोलींत शंभर वाक्यांनीं सांगूं शकली असती, तें चार आज्ञांत संपतें. मुलाला इंग्रजी तर येत नाहींच, आणि आईची भाषाहि हातची जाते. आजी पलंगावर एकटी बसून राहते, कारण नातवाशीं बोलावें कसें हेंच तिला कळत नाहीं. भगिनींनो, हा तोटा कोणत्याहि प्रगतिपुस्तकांत दिसत नाहीं. पण तो अनेक घरांत होऊं लागला आहे.

घरीं काय करावें, हें थोडक्यांत सांगतों. जेवतांना बोला. बाजारांत जातांना मुलाला बरोबर न्या व यादी त्याच्यादेखत लिहा. रात्रीं परत येणाऱ्या बापानें मूल जागें असेल तर पांच मिनिटें त्याची हकीकत ऐकावी. लिहितां-वाचतां न येणाऱ्या आजीनेंहि पुस्तक उघडून चित्रांवरून गोष्ट सांगावी. हातांतल्या मोबाईलवरील गोष्ट मुलाला गप्प करते हें खरें, पण मुलानें विचारलेल्या प्रश्नाला ती उत्तर देत नाहीं, आजी देते. सायंकाळच्या जपमाळेंत मूल मोठमोठे शब्द पाठ म्हणतें. त्यांतला एखादा शब्द रोज त्याला समजावून द्या, म्हणजे तें पोपटासारखें राहणार नाहीं.

शेवटीं समितीपुढें व आपणांपुढें पांच सूचना ठेवतों. बालवाडीच्या पहिल्या दोन वर्षांत पाटी गिरवणें व लेखी परीक्षा नसावी. घरच्या शब्दांची वही प्रत्येक वर्गांत असावी, व ती भरावयास आयांनीं साहाय्य करावें. धर्मग्रामाच्या वाचनालयांत मुलांच्या उंचीचें एक कपाट करावें, आणि दर शनिवारीं प्रत्येक मुलानें एक पुस्तक घरीं न्यावें. गोष्टी येणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींनीं आठवड्यांतून एकेक तास पाळीनें बालवाडीस द्यावा. आणि रोज अर्धा तास इंग्रजी गाणीं, खेळ व बोलणें कानांवरून जावें. त्यासाठीं इंग्रजी चांगली बोलणारें माणूस आणण्याची जबाबदारी मी घेतों.

ज्यांनीं अर्ज केला आहे त्यांनीं तो मागें घ्यावा असें मी म्हणत नाहीं. त्यांनीं एक वर्ष थांबावें, एवढीच माझी विनंति आहे. वर्षाअखेर आपण सर्व मिळून बालवाडींत बसूं. मुलाला किती अक्षरें येतात हें न मोजतां आपण पांच गोष्टी पाहूं: तें एक गोष्ट आरंभापासून शेवटापर्यंत सांगतें काय, आपण होऊन प्रश्न विचारतें काय, शब्दाचे तुकडे टाळ्यांनीं दाखवितें काय, आपलें नांव ओळखतें काय, आणि कोणी न सांगतां पुस्तक हातीं घेतें काय. उत्तर नकारार्थी आलें, तर तो अर्ज मी स्वतः समितीपुढें वाचीन. उत्तर होकारार्थी आलें, तर या ज्युबिलीच्या हिशेबांत आपण एक मोठी रक्कम जमेस धरूं.